कारो-कान बचाव आणि एका प्याद्याची चुकलेली वेळ

गेल्या दोन-तीन वर्षांत बुद्धिबळाची बातमी क्रीडापानाच्या कोपऱ्यातून उठून थेट पहिल्या पानावर आली. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच जोरावर ती ग्रँडमास्टरही झाली. ज्या घरांत पट वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होता, तिथेही आता जेवताना यूट्यूबवर समालोचन चालू असतं. आणि तिथेच गाडं अडतं. समालोचक सांगतो, "कारो-कान लागलाय, दोघंही अजून थिअरीत आहेत, पण काळ्याने मूव्ह ऑर्डर बदलली." पाहणाऱ्याला घोडा अडीच घरं चालतो एवढं पक्कं ठाऊक असतं. पण या वाक्यातलं काय कळलं, असं विचारलं तर तो रिमोट शोधायला लागतो.

या वाक्याचा उलगडा एका डावात छान होतो. डाव जुना आहे, ११ मे १९९७ चा, न्यूयॉर्कमधला. एका बाजूला गॅरी कास्पारोव्ह, १९८५ पासून जगज्जेता आणि तोवर एकही सामना न हरलेला. दुसऱ्या बाजूला आयबीएम कंपनीचा डीप ब्लू हा संगणक. सहा डावांच्या सामन्यातला हा शेवटचा डाव होता आणि गुण अडीच-अडीच झाले होते. कास्पारोव्हने काळ्या सोंगट्यांनी कारो-कान बचाव निवडला आणि जेमतेम तासाभरात, अवघ्या १९ चालींत तो हरला. तेव्हापासून हा डाव 'यंत्राने माणसाच्या बुद्धीवर मात केली तो क्षण' म्हणून सांगितला जातो. माझ्या मते हे निम्मंच खरं आहे. डाव जिथे फिरला ती चाल माणसांनी यंत्राला आधीच देऊन ठेवली होती, आणि ती खेळता आली ती कास्पारोव्हने एक साधं प्यादं एक चाल लवकर हलवलं म्हणून.

बचाव म्हणजे लपून बसणं नव्हे

बुद्धिबळात पांढरा आधी खेळतो. त्याला उत्तर देताना काळा जी मांडणी निवडतो तिला बहुतेक वेळा 'बचाव' म्हणतात. सिसिलियन बचाव, फ्रेंच बचाव, कारो-कान बचाव ही सगळी काळ्याच्या उत्तरांची नावं. नावात बचाव असला तरी वृत्ती तशीच असेल असं नाही. सिसिलियन खेळणारा काळा पुष्कळदा पांढऱ्यापेक्षा जास्त मारामारी करतो. कारो-कान मात्र नावाला जागतो. आधी घर नीट लावायचं, कच्चे दुवे ठेवायचे नाहीत आणि समोरचा उतावीळ झाला की हिशेब चुकता करायचा, असा त्याचा स्वभाव.

पुढे जाण्याआधी घरांचे पत्ते सांगतो. पांढऱ्याच्या बाजूने बसलं की डावीकडून उजवीकडे आठ उभ्या पट्ट्या असतात, ए पासून एच पर्यंत. आडव्या ओळी खालून वर १ ते ८. म्हणजे ई४ हे घर पांढऱ्या राजाच्याच पट्टीत, चौथ्या ओळीवर. घरी पट असेल तर समोर मांडून घ्या, नसेल तर मोबाईलवरचा चालेल. नुसतं वाचूनही समजेल, पण सोंगट्या हलवून पाहण्यातली मजा वेगळी आहे.

कारो आणि कान हे दोघे कोण?

होराशियो कारो हा बर्लिनमध्ये राहिलेला इंग्रज खेळाडू, आणि मार्कुस कान व्हिएन्नाचा. १८८५ साली हँबुर्गच्या स्पर्धेत कानने जाक मिझेस या चांगल्या खेळाडूला याच बचावाने २४ चालींत हरवलं आणि पुढच्याच वर्षी या मांडणीचं विश्लेषण छापून आलं. नंतर कापाब्लांका, बॉटविनिक, पेट्रोशियन, कार्पोव्ह अशी मोठमोठी माणसं ती खेळली. बॉटविनिकने तर जगज्जेतेपदाच्या सामन्यांतही तिच्यावर भिस्त ठेवली. २०१३ साली चेन्नईत आनंद आणि कार्लसन यांच्या सामन्याच्या दुसऱ्या डावात कार्लसनने आनंदसमोर कारो-कानच लावला होता आणि तो डाव बरोबरीत सुटला. थोडक्यात, ही काही आडवळणाची चीज नाही. सध्या ऑनलाइन खेळणाऱ्या हौशी मंडळींचीही ती लाडकी आहे, कारण पाठ करायला तुलनेने कमी आणि कोसळायला कठीण.

निदान तशी तिची ख्याती आहे.

पहिल्या सहा चाली

पांढरा: प्यादं ई४. काळा: प्यादं सी६. एवढ्यानेच कारो-कान लागला. एकच घर पुढे सरकलेलं हे प्यादं बिचारं वाटतं, पण त्याचं काम पुढच्या चालीला कळतं. पांढरा डी४ खेळून मधला भाग भरतो आणि काळा डी५ खेळून थेट ई४ च्या प्याद्याला भिडतो. डी५ वर कोणी खाल्लं तर परत खायला सी६ चं प्यादं तयार आहे. फ्रेंच बचावात हेच काम ई६ चं प्यादं करतं, पण तिथे सी८ चा उंट आतच अडकतो. कारो-कानमध्ये त्याची वाट मोकळी राहते, हे या बचावाचं मोठं आकर्षण.

तिसऱ्या चालीला पांढरा घोडा सी३ ला आणून ई४ ला जोर देतो. काळा ई४ चं प्यादं खातो आणि पांढरा घोड्याने परत खातो. चौथ्या चालीला कास्पारोव्हने घोडा डी७ ला आणला. ही कार्पोव्हची आवडती वाट. तिच्यामुळे सी८ चा उंट थोडा वेळ झाकला जातो, पण पुढच्या चालीला दुसरा घोडा एफ६ ला आला आणि पांढऱ्याने तो खाल्ला, तर परत खायला डी७ चा घोडा हजर असतो. प्याद्यांची रांग मोडत नाही.

पाचव्या चालीला पांढरा तोच घोडा पुन्हा उचलून जी५ ला नेतो. शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगतात की सुरुवातीला एकच सोंगटी पुन्हा पुन्हा हलवू नका. इथे पाच चालींत एका घोड्याच्या तीन चाली झाल्या! पण त्याला कारण आहे. जी५ वरून घोडा एफ७ आणि ई६ या दोन घरांकडे बघतो. एफ७ हे काळ्याचं सगळ्यात नाजूक घर, कारण त्याला राजाशिवाय कोणाचाच आधार नसतो.

काळा घोडा एफ६ ला आणतो. पांढरा उंट डी३ ला आणतो, तिथून त्याची तिरकी वाट थेट जी६ पर्यंत मोकळी आहे. सहाव्या चालीला काळा प्यादं ई६ करतो. सातव्या चालीला पांढरा दुसरा घोडा एफ३ ला काढतो.

आता चाल काळ्याची. इथवर सगळं शेकडो डावांत खेळलं गेलेलं आहे. याच मळलेल्या वाटेला समालोचक 'थिअरी' म्हणतात.

एच६ खेळायचं, पण कधी?

जी५ वर येऊन बसलेला घोडा त्रास देतो, तर त्याला हुसकावायला एच प्यादं एक घर पुढे ढकलायचं, म्हणजे एच६. यात चूक काहीच नाही. कारो-कानच्या या वाटेत काळा हे करतोच. प्रश्न फक्त वेळेचा आहे. एकच चाल चार वेगवेगळ्या क्षणी खेळली तर काय होतं ते बघा.

पाचव्या चालीला, घोडा जी५ ला आल्याआल्या एच६ खेळलं, तर पांढरा घोडा ई६ ला टाकतो. तो काळ्या वजिरावर उठलेला असतो, म्हणून खावासा वाटतो. एफ प्याद्याने खाल्ला की पांढरा वजीर एच५ ला येऊन शह देतो. मध्ये घालायला फक्त जी६ चं प्यादं, ते वजीर खातो आणि मात. राजाच्या चहूबाजूंना त्याचीच माणसं उभी असतात, पळायला घर नसतं.

सहाव्या चालीला, पांढरा उंट डी३ ला आल्यावर एच६ खेळलं, तर घोडा परत ई६ ला. यावेळी खाल्ला की उंट जी६ ला येतो आणि एका फटक्यात मात. वजिराची गरजही पडत नाही. हौशी खेळाडू या सापळ्यात अजूनही नियमाने सापडतात.

सातव्या चालीला, ई६ ला प्यादं गेल्यानंतर एच६ खेळलं, तर लगेच मात नाही, कारण ई७ चं घर रिकामं झालंय आणि राजाला एक दार मिळालंय. पण घोडा ई६ वर पडतोच. आता तो तिथलं प्यादं खाऊन पडतो आणि राजाची फरफट सुरू होते. कास्पारोव्हने एच६ खेळलं ते इथे.

आठव्या चालीला, म्हणजे सातव्या चालीत आधी उंट डी६ ला काढून मग एच६ खेळलं, तर सगळं आलबेल. उंट एफ८ वरून उठल्यामुळे राजाला ई७ वरून पुढे एफ८ कडे सरकायला वाट मिळते. मग घोड्याचं बलिदान फारसं परवडत नाही, आणि पांढरा निमूटपणे घोडा ई४ ला मागे घेतो.

फोडणी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तेल, मोहरी, हिंग, हळद तीच. पण तेल तापून मोहरी तडतडायच्या आधी हळद टाकली की ती करपते, आणि मग वर कितीही चांगली भाजी घातली तरी कडवट चव जात नाही. समालोचक ज्याला 'मूव्ह ऑर्डर' म्हणतात ते हेच, चालींचा क्रम.

मग कास्पारोव्हसारखा माणूस हे विसरला?

पहिली शंका हीच येते आणि डाव संपल्यावर सभागृहातही हीच कुजबुज होती. घोड्याचं हे बलिदान नवं नव्हतं. आधीच्या ग्रँडमास्टरांच्या डावांत ते होऊन गेलेलं होतं. कास्पारोव्हची स्मरणशक्ती बुद्धिबळात दंतकथेसारखी सांगितली जाते, त्याला हे माहीत नसेल हे पटत नाही.

त्याने नंतर जे सांगितलं ते जास्त पटण्यासारखं आहे: त्याने जाणूनबुजून जुगार खेळला. त्या काळातले संगणक सोंगट्यांच्या हिशेबात कंजूष होते. घोडा देऊन एक प्यादं घ्यायचं आणि बदल्यात 'समोरच्याचा राजा अडचणीत येईल' एवढंच, हा सौदा त्यांना पटत नसे. घोड्यावर प्यादं आलं की ते मुकाट्याने घोडा मागे घेत. कास्पारोव्हचा हिशेब असा की डीप ब्लूही तेच करेल, आणि मग काळ्याला उत्तम डाव मिळेल.

त्या सामन्यात तो सतत अशाच विचाराने खेळत होता: पटावरच्या स्थितीपेक्षा समोर यंत्र आहे याकडे लक्ष देऊन. चौथ्या डावातही त्याने सी६ ने सुरुवात करून दुसऱ्या चालीला डी५ ऐवजी डी६ खेळलं होतं, मुद्दाम, यंत्राला अनोळखी रानात न्यायला. दुसरा डाव हरल्यापासून त्याचं मन ठिकाणावर नव्हतं हेही खरं. त्या डावात त्याने पटावर हार मानली आणि नंतर विश्लेषकांनी दाखवलं की तिथून बरोबरी निघू शकत होती. असं कळल्यावर कोणाची झोप उडणार नाही? पण सहाव्या डावातला जुगार मला तरी वाईटच वाटतो. समोरचा चुकेल या भरवशावर चुकीची चाल खेळायची, आणि तीही सामना बरोबरीत असताना शेवटच्या डावात! असा सल्ला कास्पारोव्हने स्वतःच्या शिष्याला कधीच दिला नसता.

घोडा देऊन पांढऱ्याला मिळालं काय?

आठव्या चालीला डीप ब्लूने ई६ चं प्यादं घोड्याने खाल्लं. चाल जवळपास तत्काळ आली. कास्पारोव्हने घोडा लगेच न खाता वजीर ई७ ला आणला. त्यामागे चलाखी होती: पांढरा राजा अजून ई१ वर होता, त्यामुळे ई पट्टीवर राजापुढे उभा असलेला घोडा जखडला गेला, म्हणजे तो हलला तर मागच्या राजाला शह बसतो. पांढऱ्याने किल्लेकोट करून, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून, राजा बाजूला नेला, तेव्हा काळ्याने घोडा खाल्ला. दहाव्या चालीला उंट जी६, शह. आणि इथे ती चलाखी अंगाशी आली. ई७ वर आता वजीर बसलेला, त्यामुळे राजाला ते घर नाही. त्याला डी८ ला जावं लागलं.

या क्षणी पट बघा. काळ्याकडे एक सोंगटी जास्त आहे. पण राजा डी८ वर, उघड्यावर, आणि किल्लेकोटाचा हक्क कायमचा गेलेला. एफ८ चा उंट वजिराच्या मागे कोंडलेला. त्याच्या मागे एच८ चा हत्ती कोपऱ्यात. सी८ चा उंट डी७ च्या घोड्यामागे, आणि त्याच्यामागे ए८ चा हत्ती. काळ्याच्या निम्म्या फौजेला हलायला जागाच नाही. पांढऱ्याकडे सोंगटी कमी, पण जी आहे ती कामाला लागलेली.

अकराव्या चालीला पांढरा उंट एफ४ ला येतो आणि सी७ चं घर बंद करतो, म्हणजे राजाची वजिराच्या बाजूला सटकायची सरळ वाट तुटली. कास्पारोव्ह बी५ खेळला, त्याला पांढऱ्या उंटासमोर डी५ ला घोडा पक्का बसवायचा होता. पांढऱ्याने ए४ खेळून तीच बाजू फोडायला घेतली. मग हत्ती ई१ ला, ई६ च्या प्याद्यावर नेम धरून. काळा राजा कसाबसा सी८ ला पोचला आणि पुढच्याच चालीला ए पट्टी उघडली. सोळाव्या चालीला पांढरा वजीर डी३ ला, बी५ वर उठलेला. काळ्याचा उंट सी६ ला येऊन ते प्यादं राखतो. आणि सतरावी चाल, जी मला या डावातली सगळ्यात देखणी वाटते: पांढरा उंट एफ५ ला. तो खावा तर ई पट्टी उघडते आणि हत्ती थेट वजिरावर. न खावा तर ई६ पडतं आणि वजिराचीच पंचाईत. कास्पारोव्हने उंट खाल्ला, हत्तीने वजीर खाल्ला, काळ्या उंटाने हत्ती खाल्ला. एकोणिसाव्या चालीला पांढऱ्याने प्यादं सी४ ला ढकललं आणि कास्पारोव्ह उठला.

पण गुण तर काळ्याचेच जास्त होते!

बरोबर पकडलंत. सोंगट्यांची ढोबळ किंमत अशी धरतात: प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. या मोजपट्टीने शेवटच्या स्थितीत काळ्याकडे दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि पाच प्यादी, म्हणजे २७. पांढऱ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि सहा प्यादी, म्हणजे २६. जगज्जेता एका गुणाने पुढे होता आणि त्याने हार मानली!

कारण ही किंमत सोंगटीची आहे, तिच्या जागेची नाही. सी४ ला आलेलं प्यादं काळ्याने खाल्लं तर वजीर ते परत खातो आणि सी पट्टीत उभा राहतो. त्याच पट्टीत सी६ ला काळा उंट आणि सी८ ला काळा राजा. उंट जखडला, हलता येत नाही, आणि त्याला कोणाचा आधारही नाही. डी५ चा घोडा याच जखडलेल्या उंटाच्या भरवशावर उभा. घोडा बी४ ला नेऊन एक संकट टळतं, तोवर ए१ चा हत्ती ई पट्टीत येऊन ई७ च्या उंटावर बसतो. काळ्याचे दोन हत्ती दोन कोपऱ्यांत हे सगळं बघत राहतात. अशा वेळी सरळ हात पुढे करणं ही खेळातली रीत आहे. बुद्धिबळात मात होईपर्यंत खेळायलाच हवं असा काही नियम नाही.

मग यंत्राने विचार केलाच नाही का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे. त्यासाठी खास बुद्धिबळाकरिता बनवलेल्या ४८० चिप्स त्यात बसवल्या होत्या. पण सुरुवातीच्या चालींसाठी त्याला हा हिशेब करावाच लागत नसे. त्याच्याकडे हाताने तयार केलेलं 'ओपनिंग बुक' होतं, साधारण ४,००० स्थितींचं: अमुक स्थिती आली तर तमुक चाल खेळ, विचार करत बसू नको. हे बुक मुख्यतः अमेरिकन ग्रँडमास्टर जोएल बेंजामिनने बनवलं होतं. निक डी फर्मियन, जॉन फेडोरोविच आणि स्पेनचा मिगेल इलेस्कास हे त्याचे मदतनीस. याशिवाय ग्रँडमास्टरांच्या सुमारे सात लाख डावांचा संग्रहही यंत्राला दिलेला होता.

इलेस्कासने २००९ साली एका मुलाखतीत सांगितलं की सातव्या चालीला एच६ आलं तर घोड्याने ई६ खा, ही सूचना त्यांनी त्याच दिवशी सकाळी बुकात घातली होती. योगायोग असावा तर असा! म्हणजे कास्पारोव्हचा अंदाज यंत्राबद्दल कदाचित चुकला नव्हता. एकट्याने हिशेब करायला बसवलं असतं तर डीप ब्लूने घोडा मागे घेतलाही असता. फसला तो माणसांच्या बाबतीत, समोरच्या बाजूला चार ग्रँडमास्टर त्याच्याच वाटा उकरत बसले असतील हे त्याने धरलं नाही.

म्हणून मी वर निम्मं खरं म्हटलं. घोड्याची चाल माणसांची. पण बुक संपल्यावर पुढचं सगळं यंत्राचं, आणि ते त्याने पक्क्या हाताने केलं. मध्ये कुठे घाई नाही, कुठे वळसा नाही. एखाद्या तयारीच्या माणसाचाही इथे हल्ला ढिला पडू शकला असता.

हे लबाडीत बसत नाही का?

नाही. जगज्जेतेपदासाठी खेळणाऱ्या प्रत्येकाकडे मदतनीसांची टोळी असते. ते रात्र रात्र जागून प्रतिस्पर्ध्याच्या ओपनिंगमध्ये भोकं शोधतात आणि सकाळी आपल्या माणसाला सांगतात. इलेस्कास आणि मंडळींनी तेच केलं. दोन डावांच्या मधल्या वेळात यंत्रात बदल करायला नियमांनी मुभा होती.

कास्पारोव्हचा खरा संशय दुसऱ्या डावाबद्दल होता. यंत्राची एक चाल त्याला फारच माणसासारखी वाटली आणि आडून कोणी ग्रँडमास्टर सांगतोय का, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने यंत्राच्या हिशेबाच्या नोंदी मागितल्या, त्या तेव्हा मिळाल्या नाहीत. आयबीएमने पुढे त्या प्रसिद्ध केल्या. पण परतीचा सामना काही दिला नाही, आणि यंत्र मोडीत काढलं. आता त्याचे भाग अमेरिकेत दोन संग्रहालयांत आहेत. कंपनीचं हे वागणं मला आजही कोतं वाटतं. जिंकणाऱ्याने हरलेल्याला आणखी एक संधी द्यायला काय हरकत होती? मात्र फसवणुकीचा पुरावा कधीच पुढे आला नाही, आणि वीस वर्षांनी, २०१७ मध्ये खुद्द कास्पारोव्हने आपला सूर बराच मवाळ केला.

पैशाचं म्हणाल तर जिंकणाऱ्याला सात लाख डॉलर आणि हरणाऱ्याला चार लाख, असं ठरलं होतं. कास्पारोव्ह चार लाख घेऊन घरी गेला. वाईट नाही.

आता तर सगळ्यांकडेच यंत्र आहे

हो, आणि त्याने या खेळाची रीतच पालटली. १९९७ मध्ये ज्यासाठी दोन मोठी कपाटं लागली, त्याहून सरस खेळणारा स्टॉकफिश हा प्रोग्रॅम आज तुमच्या मोबाईलवर फुकट मिळतो. समालोचनात पटाशेजारी वरखाली होणारी काळी-पांढरी पट्टी दिसते ना, ती त्याच्याच हिशेबावर चालते. आणि आजची इंजिनं, म्हणजे असे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम, १९९७ सारखी कंजूष राहिलेली नाहीत. राजा अडचणीत येत असेल तर ती घोडा बिनदिक्कत देतात. कास्पारोव्हचा जुगार आज कोणी खेळणारच नाही.

पण बुक अजून माणसंच बनवतात, इंजिन जवळ घेऊन. गुकेश किंवा दिव्या पहिल्या पंधरा चाली भराभर खेळतात तेव्हा ती घरची तयारी असते, समालोचकांच्या भाषेत 'प्रेप'. कोणीतरी एकदम वीस मिनिटं विचारात बुडलं, की समजायचं वाट संपली किंवा समोरच्याने क्रम बदलला. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी समालोचन निम्मं सोपं होतं. पट्टी खाली-वर का झाली ते कळो न कळो, घड्याळ बघत राहा. खरी गोष्ट तिथेच चालू असते.

मग मी कारो-कान खेळू का?

खुशाल खेळा. एका डावातल्या एका जुगाराने बचाव बदनाम होत नाही, आणि घोडा डी७ ची ही वाट आजही चालू आहे. खूप पाठ करायचं जिवावर येत असेल तर चौथ्या चालीला घोडा डी७ ऐवजी उंट एफ५ खेळा. उंट बाहेर पडतो, घोड्यावरही उठतो, आणि ई६ वरची ही सगळी भानगड उद्भवतच नाही.

घोडा डी७ च खेळायचं असेल तर क्रम घट्ट धरा: घोडा एफ६, प्यादं ई६, उंट डी६, आणि पांढऱ्याने वजीर ई२ ला आणल्यावर मगच एच६. घोडा ई४ ला मागे जाईल. तो तुमच्या एफ६ च्या घोड्याने खा, पांढरा वजिराने परत खाईल. इथे सगळं शांत दिसतं आणि राजा सुरक्षित करावा म्हणून हात आपोआप किल्लेकोटाकडे जातो. करू नका. पांढरा वजीर ई४ ला, त्याच्यामागे त्याच तिरक्या वाटेवर उंट डी३ ला, आणि एच७ राखणारा तुमचा घोडा आत्ताच खर्ची पडलाय. किल्लेकोट केलात तर पुढच्याच चालीला वजीर एच७ ला येऊन बसेल, मात.